पहिल्या ओळीच्याही वरची ओळ

अगं फूटपट्टी,

फोनवर तू मला तीनदा बजावलंस, “आत्या, माझ्याबद्दल काही लिहू नकोस, माझ्यात लिहिण्यासारखं आहे काय?” तिसऱ्यांदा बजावलंस तेव्हाच मी ठरवलं, लिहायचंच. आपल्यात लिहिण्यासारखं भरपूर आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याबद्दल वाचून मला आता वीट आलाय. हे वाचताना तुझा पाय हलत असेल, तेही मला ठाऊक आहे. जेवताना हलतो, झोपेत हलतो, लग्नाच्या फोटोत सगळे स्पष्ट आलेत आणि तुझी एक चप्पल तेवढी पुसट आलीय.

राग यायचा तर येऊ दे, पण ते एकोणीस ठिगळांचं प्रकरण मी सगळं सांगणार आहे. कुणी विचारलं तर तू “छोटीशी चूक होती” म्हणून मोकळी होतेस. छोटी होती, कबूल. एका ओळीची होती. पण त्या एका ओळीपायी अकरा दिवस तू स्वतः धड बसली नाहीस आणि घरातल्या कुणाला बसू दिलं नाहीस, ते कोण सांगणार?

समोर बसवून सांगायला लागलं की तू दर दोन वाक्यांना दुरुस्ती सुचवतेस. म्हणून तुला आता जरा पलीकडे बसवते आणि बाकीच्यांकडे तोंड करून बोलते.

*

ती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. शाळा संपल्यावर तिनं नकाशे काढायचं शिक्षण घेतलं आणि इमारतींचे आराखडे करणाऱ्या एका कार्यालयात आठ वर्षं नकाशे काढले. उंच स्टूल, तिरका फळा, शाईची पेनं. तिथले मुख्य नकाशाकार मोठे कडक होते. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली चौकट आखायची, त्यात कुणी काढलं, कधी काढलं आणि कितवी दुरुस्ती ते लिहायचं. चौकट नसेल तर नकाशा कितीही सुंदर असो, ते बघायचेच नाहीत. “हा कागद कुणाचा? अनाथ आहे का?” असं म्हणून टेबलाखालच्या टोपलीत टाकायचे. एकदा तिचा चार दिवसांचा नकाशा असाच टोपलीत गेला. त्यानंतर आयुष्यात तिनं नाव न घालता कागद हातावेगळा केला नाही. किराणाच्या यादीवर सुद्धा तारीख घालते.

पुढे फळे गेले, स्टुलं गेली, तिचं कामही गेलं. ती रडत बसली नाही. सहा महिन्यांत वेबसाइटची पानं बनवायला शिकली आणि चष्म्याच्या दुकानावरच्या माडीवर सहा माणसांचं एक ऑफिस होतं, तिथे लागली. कामाचं सामान बदललं, सवयी तशाच राहिल्या. पडद्याला प्लास्टिकची फूटपट्टी लावून ती रकान्यांमधलं अंतर मोजायची, म्हणून ऑफिसात तिचं नाव फूटपट्टी पडलं. आणि वेबच्या पानाला नकाशासारखा खालचा कोपरा नसतो म्हणून तिनं त्यावर स्वतःची तोड काढली. पान ज्या मजकुरातून तयार होतं, तो आतला मजकूर बघणाऱ्याला दिसत नाही. त्या मजकुराच्या अगदी माथ्यावर, सगळ्याच्या आधी, ती एक ओळ लिहायची. ‘आखणी अमुक, दुरुस्ती क्रमांक इतका, तारीख अमुक.’ ही टिपणाची ओळ. ब्राउझरनं ती वाचायची नाही, दाखवायची नाही, नुसती ओलांडून पुढे जायचं. कुणाला त्रास नाही, कुणाची तक्रार नाही.

आता ब्राउझर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. ज्या खिडकीतून आपण ही पानं बघतो, ती खिडकी. खिडक्या वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या. पान एकच, पण एकीतून बघितलं तर चौकोन नीट उभा, दुसरीतून बघितलं तर पोट सुटलेलं. हा घोळ मिटावा म्हणून सगळ्यांनी मिळून नियम ठरवले. पानाच्या पहिल्या ओळीत जाहीर करायचं, ‘हे पान नियमांप्रमाणे लिहिलं आहे.’ ती ओळ वाचली की ब्राउझरनं नियमांप्रमाणे वागायचं. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात तिचा अर्धा जन्म या खिडक्यांची समजूत काढण्यात गेला.

घरी मागच्या खोलीत भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर तीन मशिनं आणि त्यांत मिळून सात ब्राउझर, ऑफिसातही तेच सात. तिच्या नवऱ्यानं त्यांना नावं ठेवली होती. तो नळकाम करतो, हातात पाना आणि तोंडात टोमणा कायम तयार. सगळ्यात नवा ब्राउझर धाकटी जाऊ, कारण तिला सगळं येतं आणि ती सगळ्यांना दाखवते. मग मधली जाऊ, थोरली जाऊ, दोन नणंदा, एक सासूबाई. आणि कोपऱ्यातल्या पिवळट पडलेल्या मशीनमधला सर्वांत जुना ब्राउझर म्हणजे आजेसासूबाई. त्यांचं सगळं त्यांच्या पद्धतीनं. नियम ठरायच्या आधीपासून त्या घरात होत्या. नियम त्यांनी मान्य केले, पण त्यांच्या मनाविरुद्ध काही दिसलं की त्या जुन्या वळणावर जायच्या.

“आज आजेसासूबाई जेवल्या का?” कामावरून आल्यावर तो विचारायचा.

“नाही. ताट ढकललं.”

“मग आपण जेवायचं की त्यांची वाट बघायची?”

*

त्या वर्षी ऑफिसकडे एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिसला बसावं लागतं. मशिनं कमी, माणसं जास्त. दर सोमवारी सकाळी दहाला पुढच्या आठवड्याच्या वेळा खुल्या व्हायच्या आणि लोक फोनवर फोन लावत बसायचे. त्याऐवजी आता वेबवर पान येणार होतं. नाव घाला, वेळ निवडा, ‘वेळ नक्की करा’ हे बटण दाबा, झालं. एक तारखेपासून फोन बंद.

पान तिनं बनवलं. सहा ब्राउझरमध्ये फूटपट्टी लावून बघितलं, केसाचाही फरक नाही. सातव्यात, आजेसासूबाईंकडे, पान मध्ये उभं राहायच्या ऐवजी डाव्या भिंतीला जाऊन चिकटलं. वेळांची चौकट आक्रसली, आतले शब्द दोन-दोन ओळींत मोडले आणि खालचं बटण ढकललं जाऊन चौकटीच्या बाहेर गेलं, तिथे कापलं गेलं. म्हणजे नाव लिहिता यायचं, वेळ निवडता यायची, आणि नक्की करायला बटणच नाही.

ऑफिसचे साहेब भला माणूस. त्यांना कशाचंच काही वाटायचं नाही. “चालतंय की” हे त्यांचं उत्तर, प्रश्न कुठलाही असो, म्हणून त्यांचं नावही तेच पडलं होतं.

“चालतंय की,” साहेब म्हणाले. “वर एक पाटी टाकू. ‘हे पान नव्या ब्राउझरमध्ये उघडावे.’ सगळे तसंच करतात.”

“आणि ज्याच्याकडे नवा नाही त्यानं?”

“त्यानं घ्यावा. फुकट मिळतो.”

“सार्वजनिक वाचनालयात लोकांसाठी चार मशिनं आहेत साहेब. चारही जुनी, आणि त्यांना कुलूप आहे. तिथल्या बाईंना घड्याळाची वेळ सुद्धा बदलता येत नाही. घरी मशीन नसलेला माणूस तिथेच जाणार ना?”

“मग फोन करेल.”

“फोन बंद होतोय. म्हणून तर हे पान.”

साहेबांनी कपातला चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती. “हे बघ, पुढच्या गुरुवारी चार वाजता दवाखान्याच्या बाई पान बघायला येणार. तोवर तुझ्या त्या म्हातारीनं ऐकलं तर उत्तम. नाही तर पाटी. त्यानंतरच्या सोमवारी पान खुलं व्हायलाच पाहिजे.”

पाटीचा तिला इतका राग का, हे मला विचाराल तर सांगते. नकाशांच्या कार्यालयात ती शिकली होती की दार अरुंद झालं तर दार दुरुस्त करायचं, दारावर ‘बारीक माणसांसाठी’ असं लिहायचं नाही. तिनं साहेबांना सांगून टाकलं, पाटी लागणार नाही. सांगितलं आणि मग पाय हलायला लागला.

*

आधी तिनं पान नियमतपासणीला घातलं. अशी एक सोय असते, तिथे पान दिलं की नियमांविरुद्ध काय काय आहे त्याची यादी मिळते. उत्तर आलं, एकही चूक नाही. दुसऱ्यांदा घातलं, तेच. आता चूक नाही आणि पान वाकडं, म्हणजे दोष आजेसासूबाईंचा. असा तिनं निवाडा केला आणि तिथेच फसली.

मग सुरू झाली ठिगळं. ठिगळ म्हणजे अशी एखादी ओळ, जी फक्त त्या एका ब्राउझरला ऐकू जायला हवी. बाकीच्यांनी तिला ओलांडून जायचं. ‘तुमच्यापुरती चौकट चाळीस ठिपक्यांनी रुंद करा’ असं आजेसासूबाईंच्या कानात सांगायचं, ठिपका म्हणजे पडद्यावरचं बारीक माप. सांगितलं, चौकट रुंद झाली, बटण वर आलं. पण ते कुजबुजणं सासूबाईंनीही ऐकलं आणि त्यांची चौकट फुगली. मग सासूबाईंसाठी वेगळं ठिगळ. त्यानं थोरल्या जावेकडे मथळा खाली घसरला. थोरलीला सावरलं तोवर आजेसासूबाईंनी बटण पुन्हा गिळलं.

दिवसभर ऑफिसात हे, संध्याकाळी घरी हेच. ती एका मशीनसमोर पूर्ण खुर्ची टेकून बसलीच नाही. काठावर बसायची, एक ओळ बदलायची, उठायची, दुसऱ्या मशीनवर बघायची, तिसऱ्यावर, मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच डब्याचं झाकण उघडून बंद करायची. नवऱ्यानं तिला भाजी निवडायला दिली तर तिनं देठ भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकली. मी एक दिवस गेले होते. मला म्हणाली, “आत्या, बस ना.” मी बसले तर म्हणाली, “तिथे नको, तिथून मला पडदा दिसत नाही.” मी उठून दुसरीकडे बसले, तर स्वतःच माझ्यासमोर उभी राहिली. मी चहा न घेताच निघाले. तिच्या लक्षातही आलं नाही.

“किती झाली ठिगळं?” नवऱ्यानं दहाव्या दिवशी विचारलं.

“एकोणीस.”

“आणि गळतंय?”

“दुसरीकडून.”

तो हात पुसत दारात उभा राहिला. “मी काय म्हणतो, ओल दिसली म्हणून मी कधी तिथेच भिंत फोडतो का? आधी वरचा कॉक बंद करून बघतो. तू भिंतीला एकोणीस ठिकाणी सिमेंट लावून ठेवलंस. आता गळती सापडायची कशी?”

“तुझ्या पाइपात आजेसासूबाई नसतात.”

“नसतात कशा? तीस वर्षांपूर्वीचे नळ बघ एकदा. पण मी त्यांना दोष देत नाही. आधी माझं काम तपासतो.”

ती चिडली. तपासणीचा कागद तिनं त्याच्या नाकासमोर धरला. “हे बघ. एकही चूक नाही. माझं काम तपासून झालंय.”

“बरं बाई,” तो म्हणाला. “मग तुझी म्हातारीच खोटारडी.”

हे ‘खोटारडी’ तिच्या डोक्यात रुतून बसलं. आपल्या घरातला जुना ब्राउझरच बिघडलेला असेल तर? वाचनालयातल्या खऱ्या मशीनवर पान नीट दिसत असेल तर? आपण अकरा दिवस भलत्याच म्हातारीची मनधरणी करत असू तर? बुधवारी सकाळी तिनं ऑफिसला ‘उशिरा येते’ कळवलं आणि वाचनालय उघडायच्या आधी वीस मिनिटं दारात जाऊन उभी राहिली.

*

वाचनालयाची मशीनची खोली तळमजल्यावर, वर्तमानपत्रांच्या टेबलांपलीकडे. चार खुर्च्या, त्यातल्या एकीचं चाक गेलेलं. भिंतीवर सूचना, ‘एका व्यक्तीस वीस मिनिटे.’ वाचनालयाच्या बाई विणकाम बाजूला ठेवून उठल्या आणि वहीत तिचं नाव लिहून घेतलं.

तिनं पान उघडलं. डाव्या भिंतीला चिकटलेलं. चौकट आक्रसलेली. बटण गायब. एकोणीस ठिगळं घालूनही इथलं मशीन आणखी तऱ्हेवाईक, घरच्यापेक्षा वाईट.

शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त ड्रायव्हरकाका बसले होते. मान लांब करून तिचा पडदा बघत होते. “हे दवाखान्याचं नवीन पान ना?” ते म्हणाले. “आम्हाला तिथे कागद दिलाय, सोमवारपासून यावर या म्हणून. आमच्या हिची वेळ घ्यायची असते, आठवड्यातून दोनदा. जरा बघू?”

तिला नाही म्हणता आलं नाही. काकांनी खुर्ची ओढली, एका बोटानं बायकोचं नाव घातलं, वेळ निवडली. मग पडद्यावर वरपासून खालपर्यंत बघितलं. मग परत वर.

“तीस वर्षं बस चालवलीय मी,” काका म्हणाले. “कुठलं बटण कुठे असतं मला न बघता कळतं. इथे बटणच नाहीये.”

“चाचणी चालू आहे,” ती म्हणाली. “सोमवारी असेल.”

“सोमवारी सगळंच असतं. आज काय ते बोला.”

“असेल म्हटलं ना काका.” तिचा आवाज इतका चढला की वर्तमानपत्रवाल्यांनी माना वळवल्या.

“नऊ मिनिटं राहिली तुमची,” बाई वहीतून मान वर न काढता म्हणाल्या.

नऊ मिनिटांत काय करणार? संतापाच्या भरात तिनं साधी टाइप करायची खिडकी उघडली आणि पाठ असलेल्या दहा-बारा ओळी खडाखडा मारल्या. नियमांची ओळ, एक चौकट, चौकटीत एक बटण. बस्स. नाव नाही, तारीख नाही, दुरुस्ती क्रमांक नाही, वेळच नव्हता. जपून ठेवलं, उघडलं.

चौकट मधोमध उभी. पूर्ण रुंद. बटण जागच्या जागी.

तिनं पर्समधून फूटपट्टी काढून पडद्याला लावली. ठिपक्याचाही फरक नाही. एकही ठिगळ नाही, आणि आजेसासूबाई शहाण्यासारख्या वागत होत्या.

“आलं की बटण,” काका म्हणाले.

ती उठली ती धावतच सुटली. बाईंनी मागून हाक मारली, “अहो, सही राहिली!” ती परत आली, सही केली, खाली तारीख घातली आणि गेली.

*

घरी येऊन तिनं चप्पल सुद्धा काढली नाही. मूळ पानाची एक प्रत काढली आणि नवऱ्याच्या भाषेत सांगायचं तर एकेक कॉक बंद करायला घेतला. सगळी ठिगळं उडवली. पान वाकडंच. खालचा अर्धा भाग कापला. वाकडंच. उरलेल्याचा अर्धा कापला. वाकडंच. कापता कापता राहिली एक चौकट आणि एक बटण. ते वाकडं. शेजारी वाचनालयातलं पान पुन्हा टाइप करून ठेवलं, तीच चौकट, तेच बटण. हे सरळ.

दोन्ही पानांच्या ओळी तिनं बोट लावून ताडून बघितल्या. फरक एकच. तिच्या पानात माथ्यावर तिचं नाव होतं.

ती उठली. हात धुतले. हात खराब नव्हते. परत येऊन उभ्या उभ्याच तिनं ती एक ओळ पुसली.

पान सरळ उभं राहिलं.

गंमत अशी की टिपणाची ओळ पहिल्या ओळीच्या वर घालणं नियमाविरुद्ध नाही, म्हणून तपासणीत ती कधी पकडली गेली नाही. पण आजेसासूबाईंचा खाक्या निराळा. पान हातात आलं की त्या अगदी पहिल्या जागी ‘नियमांप्रमाणे’ हे शब्द शोधायच्या. तिथे दुसरंच काही दिसलं की पुढचं वाचायच्या भरीला पडायच्या नाहीत. हे नियमाचं घर नाही, असं समजून सरळ जुन्या वळणावर जायच्या. मधोमध उभं राहायला सांगितलेलं ऐकायच्या नाहीत, चौकटीची रुंदी त्यांच्या जुन्या मापानं मोजायच्या. त्या खोटारड्या नव्हत्या. त्यांना दारातच दुसरं कुणीतरी उभं दिसत होतं.

तिनं नवऱ्याला फोन लावला. तो कुणाच्यातरी मोरीखाली आडवा होता.

“सापडली.”

“कुठे होती?”

“वर. सगळ्यात वर. माझंच नाव.”

पलीकडे पाना खाली पडल्याचा आवाज आला. हसला की काय ते तिला कळलं नाही. “बरं,” तो म्हणाला. “आता भिंतीवरचं सिमेंट खरवडायला घे.”

तेच खरं काम होतं. ओळ गेल्याबरोबर आजेसासूबाई नियमानं वागायला लागल्या, आणि मग त्यांच्यासाठी घातलेली ठिगळं उलटी बोचायला लागली. आक्रसलेली चौकट ताणण्यासाठी घातलेलं ठिगळ आता सरळ चौकट ताणत होतं. सगळी काढणं भाग होतं. आणि आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला क्रमांक घालणाऱ्या या बाईनं ठिगळांची नोंद मात्र ठेवली नव्हती, कारण ती ‘तात्पुरती’ होती. बुधवारी संध्याकाळपर्यंत अठरा निघाली. एकोणिसावं सापडेना. पान सहा ब्राउझरमध्ये एकसारखं, आणि थोरल्या जावेकडे बटण बोटभर उंच.

गुरुवारी सकाळी ऑफिसात तिनं प्रत्येक फाइल पुन्हा वाचली. एक वाजता साहेब येऊन गेले, “पाटीचा मजकूर लिहून ठेवलाय हं मी, तयार असू दे.” दोन वाजता पुन्हा आले, “अक्षर लाल ठेवू की निळं?” ती पुढची फाइल उघडत होती. सव्वातीनला तिला आठवलं की एका ठिगळाच्या वेळी ऑफिसची वीज गेली होती आणि तिनं ते घरच्या मशीनवरून रंगांच्या फाइलमध्ये घुसवलं होतं, जिथे मापाच्या ओळी कधीच नसतात. उघडली. होतं तिथेच, रंगांच्या गर्दीत बसलेलं. काढलं. साडेतीन वाजता सातही खिडक्यांत पान सारखं.

दवाखान्याच्या बाई बरोबर चारला आल्या. त्यांनी सगळ्यात जुन्या मशीनवर पान उघडलं, नाव घातलं, वेळ निवडली, बटण दाबलं. “हं,” म्हणाल्या. मग पान वरखाली सरकवून बघायला लागल्या. तिचा पाय टेबलाखाली असा हलत होता की टेबलावरच्या कपाची बशी वाजायला लागली.

“हा हिरवा जरा गडद करता येईल का?” बाई म्हणाल्या.

पाटी लागली नाही. साहेब बाईंना जिन्यापर्यंत पोचवून आले आणि म्हणाले, “चालतंय की. मी म्हणतच होतो.”

*

सोमवारी दहाला ती वाचनालयात दाराशी उभी होती. ड्रायव्हरकाका चाक गेलेल्या खुर्चीवर बसून घड्याळाकडे बघत होते. दहा वाजले. त्यांनी एका बोटानं नाव घातलं, वेळ निवडली, बटण दाबलं आणि तळहातावर पेनानं वेळ लिहून घेतली. मिनिटभराचंही काम नव्हतं. जाताना त्यांनी तिला ओळखलं.

“बटण आलं,” ते म्हणाले. “पण अक्षरं बारीक आहेत हो. चष्मा लावून सुद्धा दिसत नाहीत.”

मला वाटलं होतं, आता तरी ही पोरगी एक दिवस स्वस्थ बसेल. छे! त्याच सोमवारी तिनं साहेबांना जाऊन सांगितलं की गेल्या सहा वर्षांत ऑफिसनं बाहेर दिलेल्या एकेचाळीस साइटवर ती ओळ आहे. प्रत्येकीच्या माथ्यावर तिचं नाव, आणि प्रत्येकीच्या पोटात त्या नावापायी घातलेली ठिगळं.

“दिसतायत ना नीट?” साहेब म्हणाले. “मग कशाला हात लावतेस?”

“मी तेव्हा प्रत्येक वेळी म्हातारीला शिव्या दिल्या साहेब.”

तिनं हात लावलाच. ऑफिसचं काम सांभाळून, रोज थोडं थोडं, एकेका पानाची ओळ काढायची, ठिगळं खरवडायची, सातही खिडक्यांत मोजायचं. तिचं नाव तिनं खाली नेलं, सगळा मजकूर संपल्यावर, शेवटी. नकाशावर असतं तिथेच. नवरा म्हणाला, आता आजेसासूबाई जेवतात, पण सूनबाईंनाच भूक नाही. चार महिने लागले. एकेचाळीस संपली त्या दिवशी तिनं मला फोन केला, “झाली सगळी.”

“सगळी?” मी विचारलं.

पलीकडे टेबलावरची बशी वाजायला लागली.

*

तर आता ये इकडे. माझ्यासमोर बस. पाय हलला तरी चालेल.

मी कॉलेजातून निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी तू एक पान बनवून दिलं होतंस. नावांची यादी, प्रयोगशाळेतला एक फोटो आणि पत्ता कळवायला जागा. ते बेचाळिसावं. माझं मशीन जुनं, माझ्याकडेही त्याच आजेसासूबाई, आणि माझं पान पहिल्या दिवसापासून डाव्या भिंतीला चिकटून उभं आहे. फोटोतली उजवीकडची दोन मुलं अर्धी कापली गेली आहेत. मला वाटायचं, पानं अशीच असतात.

त्या फोनवर तू म्हणालीस, “आत्या, रविवारी येते आणि तुझ्याच मशीनवर बघून काढते.” त्या रविवारी तुझ्या नवऱ्याच्या गिऱ्हाइकाची टाकी फुटली. पुढच्या रविवारी मी दाताच्या डॉक्टरकडे होते. मग तुम्ही दुसऱ्या शहरात राहायला गेलात. मी दोनदा म्हटलं, पासवर्ड दे, मी इतकी वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय, एक ओळ पुसता येईल मला. दोन्ही वेळा तू घाबरून ओरडलीस, “नको आत्या, तू हात लावू नकोस, मी येते.”

मशीन अजून चालतं. काल उघडून बघितलं. आतला मजकूर कसा बघायचा ते तूच शिकवलं होतंस. माथ्यावर तुझं नाव आहे, माझ्या निवृत्तीची तारीख आहे, आणि पुढे लिहिलंय, दुरुस्ती क्रमांक तीन.